ताट समोर, मन कोठे?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने दोन शब्द बोलण्याचे निमंत्रण मला मिळाले, तेव्हा विषयाची निवड विश्वस्तांनी माझ्यावरच सोपविली. तत्त्वज्ञानावर आणि शास्त्रावर बोलण्यास या सभागृहात माझ्याहून अधिकारी व्यक्ती बसल्या आहेत. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि धंद्याने कापडाचा व्यापारी. व्यापाऱ्याने आपल्याला ठाऊक असलेल्या मालाविषयीच बोलावे, हे बरे. म्हणून मी जो विषय घेतला आहे, तो प्रत्येक घरात दिवसातून दोन वेळा मांडला जातो. जेवणाच्या ताटाशी बसलेला माणूस, त्याच्या हातातील स्मार्टफोन आणि आपल्या कुटुंबाची रीतभात, हा तो विषय होय.

कोणी म्हणेल, सुवर्णमहोत्सवासारख्या मोठ्या प्रसंगी हा विषय फारच लहान झाला. परंतु कुटुंबे मोठ्या प्रसंगांनी घडतात आणि टिकतात, असा माझा अनुभव नाही. लग्नाच्या बस्त्यासाठी गादीवर येऊन बसणारी शेकडो कुटुंबे मी चाळीस वर्षे पाहात आलो आहे. ज्या घरात माणसे एकमेकांचे बोलणे पुरते ऐकून घेतात, त्या घराचा बस्ता दोन तासांत बांधून होतो आणि माणसे हसत जातात. जेथे ऐकून घेण्याची सवय नाही, तेथे शालू कितीही भारी असला तरी दुकानातून बाहेर पडताना कोणाच्या ना कोणाच्या कपाळावर आठी असते. ही ऐकून घेण्याची सवय दुकानात लागत नाही. ती घरी, बहुधा जेवताना लागते.

पन्नास वर्षांपूर्वीची आपल्या घरांतील पंगत ज्येष्ठांनी डोळ्यांपुढे आणावी. पाट मांडलेले असत. ताटात वाढण्याचाही क्रम ठरलेला होता. मीठ वरच्या बाजूस, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. लहान मुलालाही हे ठाऊक असे. सर्वांना वाढून झाल्याशिवाय कोणी घास उचलत नसे. वडीलधारे उठल्याशिवाय मुले उठत नसत. जेवणारा हात उष्टा, म्हणून पाणी किंवा वाढून घ्यावयाचे ते डाव्या हाताने. ताटात काही टाकावयाचे नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी ताट धुऊन ते पाणी पिण्याचा परिपाठ आजही आहे. हे नियम कोणी लिहून भिंतीवर लावले नव्हते. मुले ते पाहून शिकली.

त्या पंगतीचे सारेच चांगले होते, असे मी म्हणणार नाही. वाढणारी गृहिणी शेवटी एकटीच जेवत असे, आणि तिच्या वाट्याला उरलेसुरले येई. पुरुष आधी आणि बायका मागाहून, या रिवाजाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. आज पुष्कळ घरांत सर्व जण एकाच टेबलाशी एकाच वेळी बसतात, ही फार मोठी सुधारणा आहे. खेद याचा वाटतो की, सर्वांनी एकत्र बसण्याची सोय झाली, नेमके त्याच सुमारास प्रत्येकाच्या हातात एकटे होण्याचे साधन आले.

बंधूंनो, घरात नवी वस्तू येणे ही काही नवी गोष्ट नाही. रेडिओ आला, तेव्हा बातम्यांच्या वेळी मुलांनी गडबड करू नये, असा नियम झाला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत दूरचित्रवाणी संच लहान गावांपर्यंत पोहोचला. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' मालिका लागे, तेव्हा रस्ते ओस पडत आणि शेजारचे आपल्या घरी येऊन बसत. दूरचित्रवाणीनेही जेवणाच्या वेळेवर आक्रमण केले, हे खरे. तरी तो संच एका कोपऱ्यात होता, एकच होता, आणि घरातील सर्व जण तेच पाहात होते. हसले तर एकत्र हसत, वाद घातला तर त्याच मालिकेवरून घालीत. दूरध्वनी आला, तेव्हाही रीत बसली. जेवणाच्या वेळी कोणाकडे फोन करू नये, हा सभ्यपणा झाला. आलाच फोन, तर घरातील लहान मुलगा उचलून सांगे, 'बाबा जेवत आहेत, अर्ध्या तासाने करा.' पलीकडचा माणूसही त्यात काही वावगे मानीत नसे.

मग स्मार्टफोनच्या बाबतीत अशी रीत का बसली नाही? याचे उत्तर मी व्यापाऱ्याच्या नजरेने शोधले आणि ते मला भावाच्या फलकावर सापडले.

भारतातील पहिला भ्रमणध्वनी संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी तो केला. त्या काळी मोबाइलवर बोलणे इतके महाग होते की, येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. माणसे दोन वाक्ये बोलून फोन ठेवीत. येणारा फोन २००३ मध्ये निःशुल्क झाला. त्याआधी परगावी बोलावयाचे तर एसटीडी बूथवर जावे लागे आणि दर उतरण्याची वाट पाहात माणसे रात्री उशिरा रांगेत उभी राहात. थोडक्यात, त्या काळी आपला संयम पुष्कळ अंशी आपल्या खिशाने सांभाळला होता.

नंतर गोष्टी भराभर घडल्या. २००७ मध्ये अमेरिकेत आयफोन विक्रीस आला. २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन आला. २००९ मध्ये व्हॉट्सॲप निघाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेटचे दर असे काही कोसळले की, जो डेटा लोक मोजून-मापून वापरीत, तो रोजच्या रोज संपविण्याची वस्तू झाला. त्याच वर्षी यूपीआय आले आणि दुकानाचा गल्लाही फोनमध्ये गेला. म्हणजे दूरध्वनीसाठी आपल्याला रीत बसविण्यास पन्नास वर्षे मिळाली होती, तर स्मार्टफोनसाठी जेमतेम आठ-नऊ. वस्तू स्वस्त झाली, घरोघर पोहोचली, तिच्याबरोबर यावयाची रीतभात मात्र मागे राहिली.

माझे आजचे म्हणणे एवढेच आहे. पूर्वी किंमत आपल्याला आवर घालीत होती. आता किंमत नाममात्र उरली आहे, म्हणून तो आवर घरातील माणसांनी मिळून घालावयास हवा. दुसरे कोणी तो घालणार नाही. ज्यांनी ही साधने बनविली, त्यांचा धंदाच आपण अधिकाधिक वेळ पाहात राहावे यावर चालतो. फोनवर बोट सरकवीत राहिले की, पान संपतच नाही, हे आपण पाहता. ही युक्ती २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या तंत्रज्ञाने काढली आणि पुढे तिच्या परिणामांबद्दल त्यांनी स्वतःच जाहीरपणे खंत व्यक्त केली. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, मालिकेचा भाग संपतो. आपल्या जेवणाला तर 'पुरे' हा शब्द आहे आणि ताटावर आडवा धरलेला हात आहे. फोनला 'पुरे' म्हणता येत नाही. ते आपल्यालाच म्हणावे लागते.

येथे आपल्या परंपरेतील एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी खाणे, हे आपल्याकडे तप मानले आहे. पोट किती भरले याकडे ज्याचे लक्ष आहे, त्यालाच दोन घास कमी खाता येतात. डोळे पडद्यावर ठेवून जेवणाऱ्यास आपण काय खाल्ले आणि किती खाल्ले, हेच उमगत नाही. त्याच्या हातून कमीही खाल्ले जात नाही आणि त्याला चवही लागत नाही.

कोणी विचारील, आपल्याकडे मौन पाळून जेवण्याचीही थोर परंपरा आहे. मग फोन पाहणारा माणूसही गप्पच असतो ना? प्रश्न योग्य आहे. मौनात जेवणाऱ्या वडिलांच्या ताटातील भाकरी संपत आली की, ते न बोलता नातवाच्या ताटाकडे पाहात आणि त्याला काय हवे ते सुनेला खुणेने सांगत. त्यांचे तोंड मिटलेले असे, पण लक्ष पंगतीत असे. फोनवाल्याची गोष्ट उलट आहे. तो 'हं', 'अच्छा', 'हो का' असे बोलतही असतो, परंतु त्याला विचारलेला प्रश्न पुन्हा विचारावा लागतो.

हे सर्वांत अधिक कोणाला लागते? ज्या माऊलीने दोन तास चुलीशी उभे राहून स्वयंपाक केला, तिला. ती विचारते, 'भाजी कशी झाली आहे?' प्रशंसापत्राची तिची अपेक्षा नसते. आपण केलेले कोणाच्या तरी ध्यानात आले, एवढेच तिला हवे असते. मान वर न करता 'चांगली आहे' असे उत्तर येते, आणि ते भाजीची चव घेण्याआधीच आलेले असते. दुसरे दुखावतात ते घरातील वृद्ध. दिवसभर ते या एका वेळेची वाट पाहात असतात. त्यांच्यापाशी सांगण्यासारखे फार काही नसते. औषध संपले, शेजारी कोण येऊन गेले, गुडघा आज बरा आहे. ही वाक्ये ऐकावयास कोणी वर पाहिले नाही, तर चार दिवसांनी ते बोलणेच सोडून देतात. घरात भांडण नाही, तंटा नाही, आणि तरीही एक माणूस हळूहळू मुका होत जातो. बंधूंनो, मला या गोष्टीची भीती वाटते.

मराठीत आपण 'डावलणे' असा शब्द वापरतो. त्याचे नाते 'डावा' या शब्दाशी आहे. उजवा हात उष्टा, म्हणून फोन डाव्या हातात, आणि त्या डाव्या हाताने आपण समोरच्या माणसाला डावलतो. इंग्रजीत २०१२ मध्ये यासाठी 'फबिंग' असा नवा शब्द घडविला गेला. आपल्याला नवा शब्द घडविण्याची गरज नाही, जुनाच पुरेसा आहे.

व्यापारी कुटुंबांची तर याहून मोठी हानी होत आहे. वाणिज्य शाखेत मला जमा-नावे शिकविले, घसारा काढावयास शिकविले, ताळेबंद मांडावयास शिकविले. परंतु उधारी कोणाला द्यावी, कोणाला देऊ नये, आणि 'नाही' म्हणताना माणूस तुटू नये म्हणून शब्द कसा वापरावा, हे कोणत्याही महाविद्यालयात शिकवीत नाहीत. ते रात्रीच्या जेवणात शिकावयास मिळत असे. पावसाने ओढ दिली आहे, दिवाळीचा माल जपून भरा. अमक्याचा धनादेश परत आला, पण माणूस सचोटीचा आहे, त्याला मुदत द्या. सुती कापड मागे पडून टेरिकॉट आले, तेव्हा जुन्या ताग्यांचे काय करावयाचे, याचा खल कापडवाल्यांच्या घरी जेवतानाच झाला. मुले ऐकत असत. कोणी त्यांना मुद्दाम शिकवीत नसे. आज वडील त्याच गोष्टी फोनवर करतात, अंगठ्याने टंकून. मुलाला वडील काय करीत आहेत हे कळत नाही. ते वसुलीचा संदेश पाठवीत आहेत की विनोद वाचीत आहेत, हे समोर बसलेल्यास सारखेच दिसते. वर्तमानपत्र वाचणारे वडील वर्तमानपत्र वाचीत आहेत, हे निदान दिसत तरी होते.

आणि गंमत पाहा. दुकानात आपण हा नियम बरोबर पाळतो. गादीवर गिऱ्हाईक बसलेले असताना फोन आला, तर चांगला व्यापारी काय करतो? 'गिऱ्हाईक समोर आहे, थोड्या वेळाने बोलतो,' असे म्हणून ठेवतो. जो समोर चालत आला त्याचा मान पहिला, ही आपल्या पेढ्यांची जुनी शिकवण आहे. मग पाच-पन्नास रुपयांच्या नफ्यासाठी अनोळखी माणसाला जो मान आपण देतो, तो जन्मभर साथ देणाऱ्या माणसांना ताटावर बसल्यावर का मिळू नये?

या विषयाचा अभ्यास परदेशांतही झाला आहे. २०१४ मध्ये बोस्टन येथील डॉ. जेनी रडेस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाहारगृहांत मुलांना घेऊन जेवावयास आलेल्या ५५ पालकांचे निरीक्षण केले. त्यांतील ४० जणांनी जेवताना फोन वापरला, आणि काहींनी तर जवळजवळ पूर्ण वेळ. मुले लक्ष वेधण्याचा प्रयत्न करीत, तेव्हा फोनमध्ये बुडालेले काही पालक त्यांच्यावर डाफरले. २०१८ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे तीनशे लोकांना मित्र किंवा कुटुंबीयांसमवेत कॅफेत जेवावयास बोलाविले. काहींना फोन टेबलावर ठेवण्यास सांगितले, काहींना दूर ठेवण्यास. ज्यांचे फोन टेबलावर होते, त्यांचे चित्त अधिक विचलित झाले आणि जेवणातील आनंद कमी झाला. फरक फार मोठा नव्हता. परंतु वर्षाला सातशेहून अधिक जेवणे होतात. रोज थोडी तूट येणाऱ्या खात्याचे वर्षअखेरीस काय होते, हे या सभागृहातील व्यापाऱ्यांना मी सांगण्याची गरज नाही.

आता लहान मुलांविषयी. पुष्कळ घरांत आज दीड-दोन वर्षांच्या मुलापुढे फोन उभा केल्याशिवाय घास तोंडात जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की, एक वर्षाखालील मुलास पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून अधिक नको. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनातही दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको, असेच म्हटले आहे. अपवाद फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा.

यावर तरुण आया मला म्हणतात, 'काका, पूर्वीही मुलांना चिऊचा घास, काऊचा घास करीत, चांदोबा दाखवीत भरवीतच होते ना? तेही लक्ष वळविणेच झाले.' त्यांचे म्हणणे मी खोडून काढीत नाही. फरक इतकाच की, तेव्हा आजी आणि नातू दोघेही एकाच कावळ्याकडे पाहात होते. मूल विचारी, आजी सांगे. भरविणाऱ्या हाताला मुलाचे पोट भरल्याचे कळत असे, कारण मूल मान फिरवी. फोनपुढे बसलेले मूल मान फिरवीतच नाही. त्याचे तोंड आपोआप उघडते आणि आपण वाटी संपविल्याचे समाधान मानतो. परंतु याचा सारा दोष आईच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. नोकरी, स्वयंपाक आणि मूल अशा तीन आघाड्या ती एकटी लढविते. घरात आजी-आजोबा असतील, तर एका वेळचे भरविणे त्यांनी अंगावर घ्यावे. वडिलांनी दुसऱ्या वेळचे घ्यावे. आईला केवळ उपदेश करून मुलाच्या हातातील फोन सुटणार नाही. तिच्या हातातील एखादे काम आपण उचलले, तर सुटेल.

फोन सर्वस्वी वाईट, असे म्हणणारा मी नाही. आपल्या कित्येक घरांतील मुले आज पुण्या-मुंबईस, बंगळुरास, अमेरिकेत आहेत. अमेरिकेत मुलाची सकाळ असते, तेव्हा आपल्याकडे रात्र असते. आई टेबलावर फोन उभा करते आणि मुलगा तिकडे न्याहारी करीत, आई इकडे जेवण आवरीत बोलतात. याला मी पंगत मोडणे म्हणणार नाही. दूर असलेले माणूस पंगतीत आणून बसविणारा फोन वेगळा आणि पंगतीतले माणूस उठवून दूर नेणारा फोन वेगळा. यंत्र तेच असले, तरी एवढा विवेक आपल्याला सहज करता येतो.

आपल्या महाराष्ट्रातच एका गावाने या बाबतीत पाऊल उचलले आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ च्या ऑगस्ट महिन्यापासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की, घरोघरचे दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल दीड तास बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. मुलांनी अभ्यास करावा आणि माणसांनी माणसांशी बोलावे, हा त्यामागील हेतू. कोरोनाच्या काळात शाळा फोनवर आल्या आणि मुलांच्या हाती गेलेला फोन शाळा उघडल्यावरही परत येईना, या अडचणीतून गावाने ही वाट काढली. एक संपूर्ण गाव दीड तासाचा नियम करू शकते, तर पाच-सहा माणसांच्या कुटुंबाला अर्ध्या तासाचा नियम अवघड का वाटावा?

तो नियम कसा करावा, याविषयी व्यवहारी माणसाच्या चार सूचना मांडतो आणि थांबतो.

पहिली सूचना अशी की, नियम सर्वांना सारखा असावा. मुलांचा फोन काढून घेऊन वडिलांनी बाजारभाव पाहावेत आणि आजोबांनी सुप्रभातचे संदेश पुढे पाठवीत बसावे, हे चालणार नाही. उलट, घरात ज्याचा मान मोठा, त्याने आपला फोन आधी दूर ठेवावा. मागे सांगितले तसे, रीत पाहूनच शिकली जाते.

दुसरी अशी की, फोन बंद करू नये, दूर ठेवावा. घरात एक जागा ठरवावी. फडताळ म्हणा, कोनाडा म्हणा, एखादी टोपली म्हणा. संदेशांचे आवाज बंद करावे, पण घंटा चालू राहू द्यावी. कोणी आजारी असेल, घरातील माणूस प्रवासात असेल, मुलगा वा सून डॉक्टर असेल, तर घंटा ऐकून उठता येते. अडचणीच्या फोनसाठी ताटावरून उठण्यात कमीपणा नाही. उठून, बाजूला जाऊन बोलावे आणि परत येऊन बसावे. ताटाशी बसून बोलू नये, एवढेच.

तिसरी सूचना धंदेवाल्यांना. आपली जेवणाची वेळ दुकानातील नोकरांना, दलालांना आणि पेढीच्या नेहमीच्या लोकांना सांगून ठेवावी. आपल्यापैकी अनेकांच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण होते, तेव्हा तर बाजार चालूच असतो आणि फोन वाजतच राहतात. 'साहेब या वेळी जेवतात,' हे एकदा कळले की, लोक आठ दिवसांत त्याची सवय करून घेतात. अर्ध्या तासाने कोणताही सौदा मोडत नाही. मोडलाच, तर तो टिकणारा नव्हता असे समजावे.

चौथी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. फोन दूर ठेवल्यावर त्या वेळेचे काय करावयाचे, हे ठरवावे. कित्येक घरांत फोन ठेवला की, वडील मुलाच्या गुणपत्रिकेचा विषय काढतात आणि सासूबाई सुनेच्या उणिवांचा. मग मुले फोनच बरा म्हणतात, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही. जेवताना कोणाची झडती घेऊ नये. दिवसभरात काय पाहिले, काय ऐकले, हे प्रत्येकाने सांगावे आणि वयाने सर्वांत लहान असेल त्यास आधी बोलू द्यावे. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचे ताटही त्याच वेळी मांडलेले असावे. ती उभी राहून पोळ्या वाढीत असेल आणि बाकीचे फोन ठेवून गप्पा मारीत असतील, तर रीतभात अर्धीच झाली.

पाहुण्यांच्या बाबतीत मात्र हा नियम बोलून दाखवू नये. पाहुण्याने फोन काढला, तरी यजमानाने आपला काढू नये. आग्रह करून वाढावे, विचारपूस करावी. बहुतेक पाहुणे थोड्या वेळात आपण होऊन फोन खिशात ठेवतात. न ठेवला, तर आपल्या घरचे मीठ गोड लागले नाही असेही मानू नये.

माता-भगिनींनो आणि बंधूंनो, पन्नास वर्षांत या ट्रस्टने जी कामे उभी केली, ती चार माणसे एकत्र बसली, त्यांनी एकमेकांचे ऐकले आणि मतभेद असूनही पुन्हा एकत्र बसली, म्हणूनच उभी राहिली. पुढील पन्नास वर्षे हा कारभार जी मुले पाहणार आहेत, ती आज आपल्या घरी ताटाशी बसली आहेत. समोरच्याचे ऐकून घेण्याचा धडा त्यांना तेथे मिळाला, तर उद्या विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही तो त्यांच्या उपयोगी पडेल.

आज दुपारी याच प्रांगणात आपणा सर्वांचे स्नेहभोजन आहे. कार्यकर्त्यांनी मुद्दाम पंगती मांडल्या आहेत. माझी एवढीच विनंती आहे की, पंगतीत बसताना फोन खिशात किंवा पर्समध्ये राहू द्यावा. ताटाचे छायाचित्र कोणाला पाठवावयाचे असेल, तर हात धुतल्यावर वाढप्यांचे घ्यावे, ते सकाळपासून राबत आहेत. आणि शेजारी बसलेल्या माणसाचे नाव-गाव ठाऊक नसेल, तर ते विचारून घ्यावे.